पेला परत केल्यानंतर

ता. ११ सप्टेंबर १९७८, सोमवार

साक्षीचा पेला आज सकाळी आमच्या पंथाचे, म्हणजे मार्गाचे, प्रमुख थोरलेजी यांच्यापुढे ठेवला. एकतीस वर्षे तो माझ्याकडे होता. आता मी मार्गात नाही.

ही वही नवी. जुनी वही मार्गाची होती, तीही दिली. तिच्यात मी इतरांचे वर्तन लिहीत असे. स्वतःविषयी लिहिणे मार्गात निषिद्ध. सदुसष्टाव्या वर्षी ते प्रथमच करीत आहे, तेव्हा सवय नाही. अक्षर मात्र अद्याप वळणदार आहे. मराठी चौथीत तपासनीस साहेबांनी माझी पाटी साऱ्या वर्गास दाखविली होती.

घडले ते क्रमाने लिहितो.

मार्गात मृतासाठी रडणे म्हणजे परमेश्वराच्या इच्छेवर शंका घेणे. त्यासाठी जलधारणा. देह उचलण्यापूर्वी साक्षी घरच्या प्रत्येकाच्या तोंडी एक लहान पितळी पेला पाणी देतो. देह शिवेबाहेर जाईपर्यंत ते तोंडात धरावयाचे. शिवेवरून हाळी आली की पुन्हा पेल्यात. पेला भरला तर धारणा शुद्ध. सांडले अथवा गिळले तर दोष. दोषास शिक्षा मौनाची, ठराविक दिवस कोणाशी बोलावयाचे नाही.

गेल्या मंगळवारी सुशीलेचे दहा महिन्यांचे लेकरू तापाने गेले. सुशीला ही मार्गातील जयरामाची सून. वय वीस असावे. लेकरू उचलले आणि तिचे तोंड उघडले. पाणी दुपट्यावर गेले. आवाज फार मोठा नव्हता. वासराचा येतो तसा. सर्वांची दृष्टी दाराकडे होती. मी पाठ फिरवून गडव्यातले पाणी पेल्यात ओतले आणि "शुद्ध" असे उच्चारले.

चूक अशी झाली की पेला काठोकाठ भरला. तोंडातून परत येणारे पाणी नेहमी किंचित कमी येते, हे साऱ्या गावात माझ्याइतके कोणास ठाऊक नाही. परंतु हात घाबरला होता. तिच्या सासूने पेला पाहिला. घेतले त्याहून अधिक पाणी कोणी परत देत नाही.

थोरलेजी काल आले. मी सत्य सांगितले. ते म्हणाले, सुशीलेस एकवीस दिवसांचे मौन तुम्हीच द्या, तुमचा दोष आम्ही पोटात घालू. मी म्हणालो, माझ्याच्याने ते होणार नाही. आज पेला ठेवला.

पाणी काहून ओतले, हे मला अद्याप नीट कळलेले नाही.

सौ. दाराआडून सर्व ऐकत होती.

ता. १२ सप्टेंबर, मंगळवार

सौ. ने घरामागच्या सांदवाडीत दुसरी चूल घातली. मार्ग सोडणाऱ्याची चूल निराळी, पाणी निराळे, असा नियम आहे. हा नियम इतरांच्या घरी मीच पाळून घेतला आहे. तिने माती मळली, तीन बाजू थापल्या, वरून बोट फिरवून गुळगुळीत केल्या. दुपारपर्यंत चालले.

म्हणजे सौ. मार्गातच राहणार.

आतले घर तिचे, बाहेरची पडवी, म्हणजे छपरी, माझी. भाताचा एक गंज, एक पळी, दोन थाळ्या उंबऱ्याबाहेर आणून ठेवल्या. वाटीत मीठ. मिठाचे मला सुचले नसते.

ता. १४ सप्टेंबर, गुरुवार

भात खाली जळला, वर कच्चा. शेजारचा सदाराम कुंपणावरून पाहत होता. हा मार्गाबाहेरचा. वीस वर्षांत त्याच्याशी शेताच्या धुऱ्या-बांधापलीकडचे बोलणे नाही. म्हणाला, "काय साक्षीबुवा, भात शिजवून राहिले का वीटभट्टी लावली?"

तो कुंपण ओलांडून आला, गंजात बोट बुडवून दाखविले. तांदळाच्या वर दोन पेरे पाणी, मग जाळ कमी. मी त्यास "आपला आभारी आहे" असे म्हणालो. तो हे वाक्य स्वतःशी घोळवीत, हसत गेला.

सौ. आतून पाहत होती. पदर तोंडाशी होता. हसत असावी. खात्री नाही.

ता. १९ सप्टेंबर, मंगळवार

सुशीलेस मौन मिळालेच. नवा साक्षी अद्याप नेमलेला नाही, म्हणून थोरलेजींनी स्वतः दिले. आजचा आठवा दिवस. मला कोणी सांगितले नव्हते. सदारामाच्या आईकडून कळले.

मी मोठा त्याग केला अशा समजुतीत आठ दिवस होतो. मी सुटलो, ती तेथेच आहे.

सायंकाळी ती तलावाच्या पाळीवर धुणे घेऊन आली. तिच्याशी बोलावयाचे एक वाक्य मी घरून तयार करून नेले होते. चांगले वाक्य होते. तिने पाठ केली. ती पाठ पाहिल्यावर वाक्यात "मी" हा शब्द तीनदा आला आहे, असे ध्यानात आले. बोललो नाही.

ता. ३ ऑक्टोबर, मंगळवार

सुशीलेचे मौन काल संपले. आज तिचा भाऊ तिला पवनीस माहेरी घेऊन गेला. सडकेवर दोघे मोटारीची वाट पाहत उभे होते. मी एकोडीच्या बाजाराहून परत येत होतो. टाळून पुढे जाणार होतो, तोच तिने हाक दिली.

"काकाजी, तुम्ही मले वाचवाले गेलते. मालूम हाय मले."

आवाज बसलेला होता. एकवीस दिवस न वापरलेला. मी काही म्हणणार, तोच ती म्हणाली, "एक सांगा जी. सासूबाई रोज काकीचंच सांगत होत्या. पोटचा पोरगा गेला तरी त्या बाईनं थेंब सांडला नाई म्हने. काकीनं कसं धरलं पानी?"

मोटार आली. ती गेली.

काकी म्हणजे सौ. येथे लिहिणे भाग आहे. आम्हास एक मुलगा होता, नाव न. तो सहा वर्षांचा असताना तीन दिवसांच्या तापात गेला. त्याच वर्षी मी साक्षी झालो होतो. घरचीच धारणा माझी पहिली साक्ष ठरली. सौ. ने पाणी परत दिले. पेला जवळजवळ भरला. मी "शुद्ध" म्हणालो. थोरलेजी, म्हणजे आताच्यांचे वडील, सर्वांदेखत म्हणाले की असे घर मार्गाचे भूषण होय. तेव्हापासून आमचे उदाहरण देतात. मला त्याचा अभिमान होता. होता, हे खोटे लिहून उपयोग नाही.

तिने पाणी कसे धरले, हे सुशीलेने विचारीपर्यंत माझ्या मनातही आले नव्हते. मी पेला पाहत होतो. तिच्याकडे पाहिले नाही.

ता. ४ ऑक्टोबर, बुधवार

सौ. तांदूळ पाखडत होती. मी उंबऱ्याबाहेर बसून विचारले, त्या दिवशी पाणी कसे धरलेस.

सूप थांबले. कोणत्या दिवशी, असे तिने विचारले नाही.

"एकतीस वर्सांनी विचारून राहिले जी तुम्ही."

मग पुन्हा पाखडू लागली. मला वाटले, संपले. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्हाले सोपं हाय. पेला ठेवला अन् निघाले. मी निघाली तर मंग त्या दिवशी मी गप कायले राहिली? त्याच्यासाठी एक आसू नाई गाळला मी. मार्ग खोटा म्हनाल, तर ते फुकटच गेलं का माह्यं?"

मग हळू, "मले त्याच्यात राहू द्या."

तांदळात खडा नव्हता. तरी निवडीत बसली.

ता. १५ ऑक्टोबर, रविवार

नोंद करण्यास लाज वाटते, तथापि करतो.

गेल्या सोमवारी मी सौ. स समोर बसवून मार्ग कसा असत्य आहे, हे चार मुद्द्यांत समजाविले. पहिला, रडणे ही शरीराची गोष्ट आहे. दुसरा, परमेश्वरास पेल्याची आवश्यकता नसावी. असे चार. मुद्दे बिनचूक होते. तिने ऐकून घेतले, उठली, आत गेली. आज सहा दिवस ती बोललेली नाही. हे मार्गाचे मौन नव्हे. तिचे स्वतःचे आहे.

आज धानाच्या बांधीवर, शेतात, पाणी पाहावयास गेलो असता आठवले. लग्नानंतरच्या वर्षी तिला मार्गात घेतले, तेव्हाही तिला असेच समोर बसविले होते. तेव्हाही मुद्दे चार होते. आवाजही हाच. केवळ मुद्दे उलटे केले, आणि बाहेर पडलो असे मला वाटले.

मार्ग सोडणे म्हणजे पेला ठेवणे, अशी माझी कल्पना होती. ते एका सकाळचे काम होते.

ता. २ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी. मार्गात दिवाळी नसे. सदारामाच्या आईने काल अनारसे पाठविले. म्हातारी पंचाहत्तरीची, दात नाहीत, परंतु शब्दाला धार आहे. कुंपणापलीकडून ओरडून म्हणाली, "खा रे बाप्पा, इख नाई घातलं. घालाचं असतं तं वीस वर्सांआधीच घातलं असतं."

आयुष्यात प्रथमच अनारसा खाल्ला. खसखस दातांत अडकते. चार होते. दोन खाल्ले, दोन पानावर ठेवून आतल्या उंबऱ्यापाशी सरकविले. आज सकाळी पान रिकामे होते. मुंग्या की सौ., हे विचारले नाही.

ता. २० नोव्हेंबर, सोमवार

सदारामाची आई काल गेली. धानाच्या कापणीवरून घरी आली, हुश्श करून खाटेवर बसली, ती बसलीच.

मार्गाबाहेरच्या मौतीत जाणे आम्हास निषिद्ध होते. आज प्रथमच गेलो. धुतलेले धोतर, टोपी. तेथे कोठे बसावे, काय करावे, हे मला ठाऊक नव्हते. लोक सरकले, जागा दिली. सदाराम भिंतीला टेकून रडत होता. चाळीशीचा दांडगा गडी, लेकरासारखा. मी खाकरून त्यास सांगू लागलो की देह नाशवंत आहे, जाणारा जातो, शोक केल्याने काही साध्य होत नाही. मार्गात हेच म्हणत असत. मला दुसरे येत नाही.

सदारामाने हात जोडले. "काकाजी, आता नका सांगू."

कोणी रागावले नाही. मीच उठून आलो. सडकेवर आल्यावर टोपी काढून हातात घेतली, ती घरापर्यंत हातातच होती.

ता. २१ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा गेलो. जाण्याचे मन नव्हते. सदारामाने दारातच सांगितले, "बोलाचं काही नाई राहत, काकाजी. नुसतं बसाचं."

सकाळपासून दुपारपर्यंत बसलो. गुडघे दुखले. नात्यातल्या बाया येत होत्या, म्हातारीच्या नावाने रडत होत्या, आणि रडताना काय काय सांगत होत्या. म्हातारीला जवसाची चटणी किती लागे. सून बाजारातून उशिरा आली की कशी शिव्या देई. पावसात छत्री सोडून सूप डोक्यावर घेई. एकीने त्या शिव्याही जशाच्या तशा म्हणून दाखविल्या. तेव्हा रडणाऱ्या बाया हसल्या. पुन्हा रडल्या. मृताविषयी लोक इतके लहान लहान बोलतात, हे मला ठाऊक नव्हते. आमच्यात देह शिवेबाहेर गेला की नावही घेत नसत.

मध्येच सदारामाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कशासाठी ते कळले नाही. आधारासाठी असावा. मी हललो नाही. जेवढा वेळ होता, तेवढा वेळ राहू दिला.

सायंकाळी चुलीपाशी होतो. आतून सौ. चा आवाज. "कोन कोन आलं होतं?"

सहा आठवड्यांनी. मी नावे सांगितली.

"मोठ्यानं रडतात का जी?"

"हो."

"बाया बी? सगळ्यांसमोर?"

"हो. मधून हसतातही."

मग, "हासतात कायले?"

मी जवसाची चटणी सांगितली, सूप सांगितले, शिव्या सांगितल्या. शिव्या शक्य तितक्या सभ्य करून. ती म्हणाली, "तशी नाई देत होती ते. मी आयकली हाय कुंपनावरून." आणि खरी शिवी म्हणून दाखविली. सौ. च्या तोंडून असा शब्द चाळीस वर्षांत ऐकला नव्हता.

ता. २८ नोव्हेंबर, मंगळवार

दहाव्यापर्यंत रोज बसलो. रोज सायंकाळी सौ. विचारी, मी सांगे. जेवढे झाले तेवढेच. शुद्ध किंवा दोष असे शेवटी काही म्हणावयाचे नसल्याने प्रथम प्रथम वाक्य कोठे संपवावे, हे कळत नसे.

आज दहावे झाले. आता सायंकाळी काय सांगावे, हा प्रश्न आहे.

ता. ५ डिसेंबर, मंगळवार

मळणी चालू. खळ्यावर बसून एक प्रयत्न केला. त्या बाया म्हातारीचे सांगत होत्या, तसे न. चे आठवावयाचे.

त्याचे नाव नत्थू. प्रथम हे लिहितो. मार्गात मृताचे नाव लिहीत नसत. मी न. लिहीत आलो, मार्ग सोडून तीन महिने झाले तरी. आज सवयीच्या बाहेर लिहीत आहे. नत्थू.

एक, तो तांदूळ कच्चा खाई. खिशात असे.

दोन, बैलाच्या शेपटीला घाबरे, शिंगांना नाही.

तीन, डाव्या हाताने जेवी. त्यावरून मी त्यास मारीत असे. दोरीने हात बांधूनही ठेवला होता, एक दिवस.

तीनच आठवले. पुढे गेलो नाही.

ता. १७ डिसेंबर, रविवार

चार दिवस ताप होता. थंडी वाजून. छपरीतील खाटेवरून उठवेना, चूल पेटली नाही. परवा दुपारी डोळे उघडले तो सौ. समोर. हातात पेज. तिच्या चुलीवरची, तिच्या गंजातली. मी घेतली. तिने वाटी परत नेली, घासली, आपल्या भांड्यांत ठेवली.

हा नियमाचा भंग आहे. मार्ग सोडलेल्याशी भांडे एक करणे, हा जुन्या वहीत पहिल्या पानावरचा दोष होता.

आज बसता येऊ लागल्यावर प्रथम येथे लिहिले की "सौ. बाहेर पडली." मग ते खोडले. तिने मला पेज दिली. इतकेच झाले आहे. त्याचा अर्थ काय, हे तिचे आहे.

पेजेत मीठ अधिक होते. सांगितले नाही. काल तिने स्वतःच विचारले, खारट झाली होती का. हो म्हणालो. "मंग सांगाचं नाई का," असे म्हणाली.

ता. ८ जानेवारी १९७९, सोमवार

जयरामाच्या घरून पेजेची बातमी वर गेली आहे. सुशीलेच्या सासूबाई त्या दिवशी दळण न्यावयास आल्या होत्या, त्यांनी वाटी माझ्या खाटेपासून आत जाताना पाहिली. आज निरोप आला. पौष पौर्णिमेस, येत्या शनिवारी, थोरलेजी सौ. स विचारावयास येणार. चूक झाली असे ती म्हणाली, तर मला या घरात राहता येणार नाही, कारण एका छपराखाली तिची चूक पुन्हा होईल. चूक झाली नाही असे म्हणाली, तर ती मार्गाबाहेर. तिसरे काही नाही.

निरोप तिच्यासमोरच वाचून दाखविला. तिला वाचता येत नाही.

दिवसभर विचार केला. तिने मार्ग सोडावा अशी माझी इच्छा आहे. फार आहे. परंतु त्या दिवशी पाणी तिने धरले होते, मी नव्हे. ते फुकट गेले असे मान्य करावयाचे की नाही, हे माझ्या सोयीने ठरू नये. माझ्यावाचून तिला राहता येईल. त्या विश्वासावाचून येईल का, मला माहीत नाही.

सायंकाळी उंबऱ्यापाशी जाऊन सांगितले की बांधीवरची झोपडी शाकारून घेतो, शनिवारच्या आत तेथे राहावयास जातो. मग थोरलेजींस विचारण्यासारखे काही उरणार नाही, आणि तुला तुझे ठेवता येईल.

तिने भाकरी उलटविली. "मी विचारलं का तुम्हाले?"

ता. १० जानेवारी, बुधवार

झोपडी शाकारली. सदाराम छपरासाठी धानाचे तणस घेऊन आला. आई गेल्यापासून आवाज उतरला आहे, पण टोमणा सुटत नाही. "काय काकाजी, ह्या वयात बायकोपासून जुदा निघून राहिले? पोट्ट्यांनी आयकलं तं आमचं बी ठेवाचे नाई घरात."

मी म्हणालो, जुदा नव्हे. मग काय, हे मात्र सांगता आले नाही. तोही थांबला. वर चढून निमूट तणस बसवू लागला. उतरताना म्हणाला, "काकीले विचारलं का?"

विचारले नाही. पुन्हा तेच केले. माझ्या त्यागाचा निर्णय, तोही मीच घेतला आणि तिला वाचून दाखविला. निरोपासारखा.

ता. ११ जानेवारी, गुरुवार

सौ. स विचारले. मी झोपडीत जाणे तुला हवे आहे का. एवढेच विचारले, पुढे मुद्दे जोडले नाहीत.

म्हणाली, "थंडी हाय तिथं." हे उत्तर होय की नाही, ते कळले नाही. आग्रह केला नाही.

ता. १२ जानेवारी, शुक्रवार

उद्या पौर्णिमा.

दुपारी सौ. छपरीत आली. माझे आजारपण सोडता सप्टेंबरपासून प्रथमच. उन्हात बसली, माझ्यापासून दोन हातांवर. मी जवस साफ करीत होतो. तिनेही मूठभर घेतले. बराच वेळ दोघांनी तेच केले.

मग म्हणाली, "तुम्हाले त्याचा आवाज आठवते का?"

कोणाचा, असे विचारावे लागले नाही. मी आठवून पाहिले. खरोखर पाहिले. "नाही," असे म्हणालो.

"मलेबी नाई." आणि जवसावर बोट फिरवीत, "आठ-दहा वर्सं होता. मंग एक दिवस पाहिलं तं नाई. कोनाले विचारू? तुमच्यापाशी तं त्याचं नावबी घेता येत नव्हतं."

मला काही तरी द्यावेसे वाटले. म्हणालो, नत्थू 'र' म्हणत नसे. 'ल' म्हणे. घरास 'घल' म्हणे.

सौ. ने मान वर केली. "तो तुमच्या बहिनीचा पोरगा. नत्थू साफ बोले. चवथ्या वर्सापासून साफ बोले."

मी म्हणालो, असेल. ती म्हणाली, असेल नाई, होताच. मी मान्य केले. एकतीस वर्षे साक्षी होतो, आणि भाच्याचे बोलणे पुत्राचे म्हणून आठवीत होतो. ते तिच्याही ध्यानात आले असावे, कारण ती हसली. हसता हसता थांबली, पदर घेतला, आणि मग खांदे हलू लागले. आवाज नव्हता. सवय नसावी.

जवस बाजूला ठेवले. तिच्याकडे सरकावे की नाही, हे मला ठाऊक नव्हते. दोन हातांचे अंतर होते, एक हात सरकलो. ती उठून गेली नाही.

ऊन छपरीतून निघून अंगणात गेले, तोवर ती बसली होती. मग तोंड धुतले आणि आत गेली. उद्या थोरलेजींस काय सांगणार, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. विचारावेसे दिवसभर वाटत आहे. आताही वाटते.

दिवा लावताना आतून म्हणाली, "उद्या घरीच राहा. बांधीवर जाऊ नका."

"बरे."

"अन् मधात बोलू नका."

बरे, असे म्हणालो.